एक चाटते, एक चावते

चातुर्मासाचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की सोलापुरात घरांतून आणि गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. घरात ताटावरची जाळी क्षणभर बाजूला ठेवण्याची सोय उरत नाही आणि गोठ्यात गाई-म्हशी दिवसभर पाय आपटीत, शेपट्या झाडीत उभ्या असतात. “पावसाळ्यात माश्या चावऱ्या होतात,” असे आपण सहज म्हणतो. जणू एकाच माशीचा स्वभाव ऋतूप्रमाणे पालटतो. वस्तुस्थिती निराळी आहे. घरातील माशी कोणत्याही ऋतूत चावत नाही, कारण चावण्याजोगे तोंडच तिला नाही. चावते ती दुसरी माशी. दोघींचे रूप इतके सारखे आहे की पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यांना एकाच नावाने ओळखत आलो.

हा भेद जाणण्यात केवळ कुतूहलाचा भाग नाही. एक माशी मुख्यतः माणसाचे आरोग्य बिघडविते, तर दुसरी मुख्यतः जनावराचे रक्त आणि दूध घटविते. दोघींची जन्मस्थाने वेगळी असल्याने त्यांच्यावरील उपायही वेगळे आहेत. ज्यांना कोणत्याही जीवाचा घात न करता घर, दुकान आणि गोशाळा निर्मळ ठेवायची आहे, त्यांना तर हा भेद ठाऊक असलाच पाहिजे.

दोघींची ओळख

घरमाशीचे शास्त्रीय नाव ‘मस्का डोमेस्टिका’. गोठ्यातील चावऱ्या माशीचे नाव ‘स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स’. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वर्गीकरणात या दोन्ही जातींची नोंद केली. ‘स्टोमॉक्सिस’ म्हणजे तीक्ष्ण मुखाची आणि ‘कॅल्सिट्रान्स’ म्हणजे लाथा झाडणारी. लाथा अर्थातच माशी झाडीत नाही. तिच्या दंशाने बेजार झालेले जनावर झाडते. गोठ्यातील सारी कथा या एका नावात आली आहे.

दोघींचा रंग राखाडी, लांबी सुमारे सहा-सात मिलिमीटर आणि पाठीवर चार गडद उभ्या रेघा. फरक पाहायचा तो तोंडाकडे आणि पोटाकडे. घरमाशीचे तोंड मऊ, खाली लोंबणारे आणि टोकाशी स्पंजासारखे असते. काम नसताना ती ते आत ओढून घेते. चावऱ्या माशीचे तोंड म्हणजे डोक्यापुढे संगिनीसारखी रोखलेली ताठ काळी सोंड. बसलेल्या माशीला बाजूने पाहिले तर ती सोंड नुसत्या डोळ्यांनीही दिसते. चावऱ्या माशीच्या पोटावर गडद गोल ठिपके असतात. घरमाशीच्या पोटावर असे ठिपके नसतात.

बसण्याच्या जागेवरूनही ओळख पटते. घरमाशी ताटावर, गुळाच्या ढेपेवर, मिठाईच्या परातीवर आणि लहान मुलाच्या तोंडावर बसते. चावरी माशी जनावराच्या पायांवर, विशेषतः गुडघ्याखाली, बसते. गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याला ती पायमोज्यावरूनही चावते. कुत्र्यांच्या कानांच्या टोकांवर पावसाळ्यात जखमा दिसतात, त्यांतील पुष्कळशा हिच्याच दंशाच्या असतात. डासांमध्ये केवळ मादी रक्त पिते. या माशीत नर आणि मादी दोघेही रक्तावर जगतात.

न चावता होणारा अपाय

घरमाशीला घन पदार्थ खाता येत नाही. साखरेच्या कणावर बसली की ती आधी त्यावर लाळ आणि पोटातील द्रव सोडते, कण विरघळविते आणि मग तो रस शोषून घेते. चव ओळखणारे तिचे सूक्ष्म केस तोंडाप्रमाणेच पायांवरही असतात. म्हणून प्रत्येक वस्तूवर ती प्रथम चालून पाहते. उकिरड्यावर चाललेले तेच पाय घटकाभराने आपल्या ताटावर चालतात. अतिसार, आमांश, विषमज्वर, पटकी यांचे जंतू अशा रीतीने तिच्या अंगाखांद्यावरून, लाळेतून आणि विष्ठेतून अन्नापर्यंत पोहोचतात.

आपल्या जिल्ह्याला याची आठवण असायला हवी. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रा आणि पटकीच्या साथी यांचा उल्लेख मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांत वारंवार एकत्र येतो. लाखो माणसे थोड्या जागेत उतरलेली, मलमूत्राची व्यवस्था तुटपुंजी आणि उघड्यावर शिजणारे अन्न. दूषित पाणी हे त्या साथींचे मुख्य कारण होते. तरी अशा ठिकाणी उघडी घाण आणि उघडे अन्न यांच्यामध्ये ये-जा करणारी माशी साथीला हातभार लावते. पाकिस्तानातील काही गावांत माश्यांचे नियंत्रण केल्यावर लहान मुलांतील अतिसाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे ताटावरची जाळी हे केवळ नीटनेटकेपणाचे लक्षण नसून मुलाच्या आरोग्याचे कवच आहे.

चावून होणारा अपाय

चावऱ्या माशीचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन कळेल असा आहे. ती एका वेळी जनावरावर अवघी दोन ते पाच मिनिटे बसते, पोटभर रक्त घेते आणि मग भिंतीवर, कुंपणावर किंवा झाडाच्या सावलीत जाऊन विसावते. म्हणून जनावराच्या पायांवर चार-पाच माश्या दिसत असतील तर आसपास त्यांच्या अनेक पट माश्या विसावलेल्या असतात. पशुवैद्यकांच्या अनुभवाने एका पुढच्या पायावर सरासरी पाच माश्या दिसू लागल्या की जनावराचे नुकसान सुरू झाले असे मानावे. जनावर चरणे सोडते, कळपात अंगाला अंग लावून उभे राहते, त्याचे रवंथ मोडते आणि दूध व वजन दोन्ही घटतात. अमेरिकेत या एकाच माशीमुळे गोधनाचे वर्षाला सुमारे २२० कोटी डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज तेथील संशोधकांनी २०१२ साली मांडला.

रक्तशोषणापेक्षा मोठा धोका तिच्या अर्धवट राहिलेल्या जेवणात आहे. जनावराने पाय झटकला की माशी उडते आणि शेजारच्या जनावरावर बसून उरलेले पोट भरते. सोंडेवर राहिलेले पहिल्याचे रक्त अशा रीतीने दुसऱ्याच्या अंगात जाते. २०२२ च्या लम्पी चर्मरोगाच्या साथीत आपण याचे गांभीर्य अनुभवले. भारतात हा रोग २०१९ साली प्रथम आढळला आणि २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. जनावरांचे बाजार बंद करावे लागले, वाहतुकीवर निर्बंध आले आणि गावोगावी लसीकरण झाले. सोलापूर जिल्ह्यातील पशुपालकांनीही अंगभर गाठी आलेल्या गाई-बैलांची शुश्रूषा केली. हा विषाणू माणसाला होत नाही. परंतु एका जनावराकडून दुसऱ्याकडे तो डास, गोचीड आणि चावऱ्या माश्या यांच्यामार्फत जातो. गोठ्यातील चावरी माशी हा विषाणू रोगी जनावराकडून निरोगी जनावराकडे नेऊ शकते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

दुसरा रोग ‘सर्रा’. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंट यांच्या रक्तात या रोगाचा सूक्ष्म परजीवी शोधून काढला. मोठ्या गोमाश्या हा परजीवी मुख्यतः पसरवितात आणि चावरी माशी त्यांना साथ देते. घोडे आणि उंट यांना तो मारक ठरतो. गाई-म्हशींत पुष्कळदा बाहेरून काही न दिसताच तो रक्तात राहतो. माणसाला हा रोग होत नाही अशी दीर्घकाळ समजूत होती. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला आणि २००५ साली ती नोंद प्रसिद्ध झाली. माणसाच्या रक्तात या परजीवीचा नाश करणारे एक प्रथिन असते. त्या शेतकऱ्याच्या रक्तात नेमका त्याचाच अभाव होता, असे पुढील तपासात निष्पन्न झाले. जनावराच्या रक्ताशी जखमेवाटे संपर्क आल्याने त्याला बाधा झाली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क होता. औषधोपचाराने तो बरा झाला. प्रसंग विरळा असला तरी गोठ्याचे आरोग्य आणि घराचे आरोग्य किती जवळजवळ नांदतात हे त्यावरून समजते.

दोघींचे पाळणाघर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घरमाशी आपली अंडी ताज्या शेणात, ओल्या उकिरड्यात, सडक्या भाजीपाल्यात आणि उष्ट्या अन्नात घालते. एका वेळी सुमारे शंभर आणि आयुष्यात पाचशेपर्यंत. उबदार हवेत अंडे दिवसभरात फुटते आणि सात ते दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. आपल्या बाजार समितीत कांद्याची प्रचंड आवक होते. त्या हंगामात सडक्या कांद्याचा ढीग आठवडाभर पावसात पडून राहिला की त्यातून काय उडेल, हे निराळे सांगावयास नको.

चावरी माशी मात्र निव्वळ शेणावर फारशी अवलंबून नसते. तिला हवी असते मूत्राने भिजलेली, शेणात कालवलेली, आंबू लागलेली वैरण. गव्हाणीखाली सांडलेला कडबा, जनावराने तुडविलेले उसाचे वाढे, गंजीचा तळाशी भिजलेला थर आणि मुरघासाच्या खड्ड्याच्या कडेला सांडलेला चारा ही तिची आवडती स्थळे. येथे अंड्यापासून माशी होण्यास साधारणतः तीन आठवडे लागतात. म्हणून शेण रोज उचलणाऱ्या, वरवर स्वच्छ दिसणाऱ्या गोठ्यातही ती विपुल असू शकते. कारण कोपऱ्यातला ओल्या वैरणीचा थर महिनाभर कोणी हलविलेला नसतो.

ऊस पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याने यासंबंधी ब्राझीलचा अनुभव लक्षात ठेवावा. तेथील साओ पावलो आणि मातो ग्रोसो दो सुल या राज्यांत ऊस जाळून तोडण्याची पद्धत मागे पडली आणि पाचट शेतातच राहू लागले. त्यावर मद्यार्काच्या आसवनीतून उरलेले सांडपाणी खत म्हणून सोडले जाऊ लागले. ते ओले, आंबलेले पाचट चावऱ्या माशीला इतके मानवले की तिचे थवे आसपासच्या कुरणांवर उतरून पशुपालक हवालदिल झाले. कोरडे पाचट जमिनीवर अंथरणे हितकारकच आहे. दोष त्याच्या ओलाव्यात आणि आंबण्यात आहे. ज्यांच्या कुटुंबांचे ऊस, गूळ अथवा आसवनीशी व्यावसायिक नाते आहे, त्यांनी एवढा विवेक राखावा.

दानाचा चारा आणि खालचा थर

सोलापुरात ‘पांजरापोळ चौक’ या नावातच एका परंपरेची खूण आहे. वृद्ध, लंगड्या, भाकड जनावरांना अभय देण्याची पांजरापोळांची प्रथा आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. संक्रांतीला, पर्युषणात, घरातील मंगलप्रसंगी किंवा दिवंगतांच्या स्मरणार्थ आपण गोशाळेत चारा पाठवितो. हे दान निर्मळ भावनेचे असते. तथापि त्याची एक बाजू आपल्या ध्यानात सहसा येत नाही.

सणाच्या एका दिवशी चार गाड्या हिरवा चारा येतो. जनावरांना तो एका दिवसात खाववत नाही. उरलेला पायांखाली येतो, मूत्राने भिजतो, शेणात मिसळतो. चारा आणणारे दाते पुष्कळ, खालचा थर काढणारी माणसे थोडी. तीन आठवड्यांनी त्याच थरातून चावऱ्या माश्या निघतात. त्यांचे भक्ष्य होतात ती नेमकी लंगडी, आजारी, शेपूट हलविण्याचेही त्राण नसलेली जनावरे. ज्यांच्यासाठी आपण चारा पाठविला तीच. अभयदान देणाऱ्याच्या हातून नकळत असे घडावे, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून दात्यांना एक विनंती करावीशी वाटते. चाऱ्याच्या पावतीबरोबर गोठ्याची फरशी, मूत्र वाहून नेणारी नाली, उंच गव्हाण आणि थर काढणाऱ्या सेवकाचा पगार यांसाठीही काही रक्कम राखून ठेवावी. एकाच दिवशी चार गाड्या पाठविण्यापेक्षा वर्षभर बारा हप्त्यांनी चारा पोहोचविण्याची व्यवस्था करावी. नाल्यांवर दात्याच्या नावाची पाटी लागत नाही हे खरे; पण गाईच्या पायाला त्या नालीचे महत्त्व अधिक आहे.

विषाची मर्यादा आणि यतना

माशी दिसली की औषध फवारावे, हा सोपा वाटणारा मार्ग आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास डीडीटीने माश्यांचा नायनाट होईल अशी जगाची खात्री झाली होती. परंतु १९४६ च्या सुमारास स्वीडनमध्ये डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या आणि त्यानंतर आलेल्या अनेक कीटकनाशकांचीही गत तशीच झाली. ज्या थोड्या माश्या विषातून तगतात, त्यांचीच संतती पुढे वाढते. गोठ्यातील फवारा वैरणीत आणि दुधात उतरण्याचे भय वेगळेच. जन्मस्थान तसेच ठेवून माश्या मारीत बसणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय.

जैन विचाराने माशीला चतुरिंद्रिय जीव म्हटले आहे: स्पर्शन, रसना, घ्राण आणि चक्षू ही चार इंद्रिये लाभलेला. गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगून आचार्यांनी संकल्पी हिंसेचा त्याग त्याच्यासाठी अनिवार्य मानला आणि उरलेल्यांत शक्य तेवढी यतना राखावयास सांगितले. चिकट कागद टांगणे, विजेच्या जाळीत माशी जाळणे, विष पेरणे यांत मारण्याचा हेतू स्पष्टच आहे. झाडलोटीतही सूक्ष्म जीवांचा घात संभवतो. परंतु ओल धरण्यापूर्वी, अंडी पडण्यापूर्वी केलेली झाडलोट हा घात पुष्कळच कमी करते. महिन्याने थर उपसणाऱ्याच्या हातून हजारो अळ्या मरतात; रोज झाडणाऱ्याच्या हातून त्या मानाने अगदी थोड्या. मलमूत्र आणि त्याज्य वस्तू निर्जंतुक जागी, पाहून, जपून टाकण्यासाठी साधूंना उत्सर्ग समिती सांगितली आहे. तिचा आशय गृहस्थाच्या उकिरड्यालाही लागू करता येईल.

काय करावे

घरात: ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि रोज बाहेर जाऊ द्यावा. खिडक्यांना बारीक जाळी लावावी. उष्टे न टाकण्याचा आपला जुना नियम येथे दुप्पट उपयोगी आहे. ताटात उरलेच नाही तर माशीला आमंत्रणच नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून भांडी लगेच घासली की रात्रभर खरकटे पडून राहत नाही.

दुकानात: गूळ, बेदाणा, खजूर आणि मिठाई काचेखाली किंवा जाळीखाली ठेवावी. सडका माल दुकानामागे साठवू नये. आठवड्यातून दोनदा तरी तो उचलला गेला तर घरमाशीचा सात ते दहा दिवसांचा क्रम पुरा होत नाही. पंखा चालू ठेवावा. वाऱ्याच्या झोतात माशीला बसणे कठीण जाते आणि तिला इजाही होत नाही.

गोठ्यात: शेण रोज उचलावेच, पण आठवड्यातून एकदा गव्हाणीखालची ओली वैरण तळापर्यंत काढून उन्हात पातळ पसरावी. वाळलेल्या जागी दोन्ही माश्यांची अळी वाढत नाही आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाला हे काम अवघड नाही. गोवऱ्या थापून वाळविण्याची जुनी रीत किंवा गोबरगॅसची बंद टाकी या दोन्ही सोयी माशीला ओले शेण मिळू देत नाहीत. गंजी उंच ओट्यावर रचून वरून झाकावी. मूत्र साचणार नाही असा उतार फरशीला द्यावा. दुभत्या आणि आजारी जनावरांसाठी सायंकाळी पंखा किंवा मोठी मच्छरदाणी लावावी. अंगावर गाठी किंवा ताप दिसलेले जनावर लगेच वेगळे बांधावे, पशुवैद्यास बोलवावे आणि लम्पीची लस वेळेवर टोचून घ्यावी.

या चातुर्मासात गोशाळेत दर्शनाला आणि चारा घालायला आपण जालच. गाईच्या मस्तकावर हात फिरवून झाला की दोन क्षण तिच्या पुढच्या पायांकडे पाहावे आणि माश्या मोजाव्यात. पाचाहून अधिक दिसल्या तर व्यवस्थापकांना दोष न देता गव्हाणीखालचा थर शेवटचा केव्हा काढला हे आदराने विचारावे, आणि तो काढण्यासाठी माणूस हवा असेल तर त्याच्या महिन्याभराच्या मजुरीची पावती तेथेच फाडून घ्यावी.